पहले आप, मग डाउनलोड

लखनौच्या चौकात पत्ता विचारला आणि समोरचा ‘माहीत नाही’ म्हणाला, असं होत नाही. ते तिथल्या तहजीबीत बसत नाही. परगावच्या माणसाला रिकाम्या हाताने कसं परत पाठवायचं? म्हणून गोल दरवाजापाशी उभं राहून तुम्ही एखाद्या हकिमाचं घर विचारलंत, की पानवाला कत्थ्याचं बोट वर करून सांगतो, “बस हुजूर, नाक की सीध में.” शेजारचा मक्खन-मलाईवाला त्याला अत्यंत अदबीने दुरुस्त करतो आणि नेमकी उलटी दिशा दाखवतो. चिकनच्या कुर्त्यांवर बसलेला म्हातारा दोघांनाही मोठ्या मनाने माफ करून तिसरीच गल्ली सुचवतो. अर्ध्या मिनिटात तीन उत्तरं, तिन्ही गोड, आणि हकीम चौथ्या दिशेला.

पुण्यात, सदाशिव पेठेत, हाच प्रश्न विचारून बघा. “कोण जोशी?” “जोशी... अहो, ते बँकेत होते ते.” “बँकेत सगळेच होते. पूर्ण नाव सांगा.” वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगता आलं, तर जिना, मजला, डावं-उजवं दार आणि बेल किती वेळा वाजवायची इथपर्यंत बिनचूक माहिती मिळते. नाही सांगता आलं, तर खिडकी बंद. अर्धवट प्रश्नाला अर्धवट उत्तर द्यायची तिथे पद्धत नाही.

पोटापाण्यासाठी लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला ही दोन्ही टोकं ठाऊक असतात. त्यामुळे इंटरनेटवर माणसांनी एकमेकांच्या संगणकातून गाणी उचलायला सुरुवात केली, तेव्हा आम्हाला त्यात नवं काही वाटलं नाही. गेल्या पंचवीस वर्षांत फायली शोधायचे जेवढे प्रोग्रॅम निघाले, ते सगळे या दोनपैकी एका गावचे रहिवासी आहेत. एक तर झटपट आणि भलतंच देणारे, नाही तर अचूक आणि सहसा काहीच न देणारे.

पहिला मान नॅप्स्टरचा. जून १९९९मध्ये शॉन फॅनिंग नावाच्या, कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या अमेरिकन पोराने ते काढलं. त्याची युक्ती साधी होती. गाणी ज्याच्या त्याच्या घरच्या संगणकावर राहतील, पण कोणाकडे काय आहे त्याची यादी नॅप्स्टरकडे राहील. यादीत बघायचं, माणूस गाठायचा, गाणं घ्यायचं. शोध चुटकीसरशी लागायचा. अडचण एवढीच, की यादी एका जागी असली की ती गाणं शोधणाऱ्याला जितक्या पटकन सापडते, तितक्याच पटकन वकिलालाही सापडते. डिसेंबर १९९९मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी दावा ठोकला आणि जुलै २००१मध्ये नॅप्स्टरचं दुकान थांबलं. शोधाच्या इतिहासातली सर्वांत अचूक कामगिरी वकिलांच्या नावावर आहे, हे तेव्हाच स्पष्ट झालं.

मधल्या काळात, मार्च २०००मध्ये, जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी नटेला नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. त्यांची कंपनी एओएल या बड्या अमेरिकन इंटरनेट कंपनीने विकत घेतलेली होती, आणि एओएल तेव्हा टाइम वॉर्नरशी, म्हणजे गाण्यांच्या मालकांशीच, लग्न जमवत होती. वधूपक्षाचे दागिने चोरायचं हत्यार वराच्या घरी तयार झालेलं बघून मालकांनी ते दुसऱ्याच दिवशी मागे घ्यायला लावलं. पण तोवर ते हजारोंच्या हाती गेलं होतं. पुढे लोकांनी त्याची नक्कल करून नवे नवे प्रोग्रॅम काढले.

नटेला म्हणजे साक्षात चौक. यादी कुठेच नाही. मला बालगंधर्व हवे असतील, तर माझा संगणक त्याच्या ओळखीच्या चार संगणकांना विचारणार. ते प्रत्येकी आपल्या आणखी तिघांना विचारणार, ते पुढच्या तिघांना. असं किती दूर जायचं? तर सात घरं. सातव्या घरानंतर प्रश्नाने मरायचं, असा नियम होता. नाही तर तो बिचारा जन्मभर गावात फिरत राहिला असता. हिशेब मांडा : ४, १२, ३६, १०८... सातव्या फेरीअखेर ४,३७२ संगणक. माझ्या एका नाट्यगीतासाठी चार हजारांवर लोकांना उठवायचं, आणि ज्याच्याकडे ते गाणं खरोखर आहे, तो आठव्या घरात राहत असेल तर ‘सापडलं नाही’. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरणाऱ्यांची तर अशी दैना व्हायची, की त्यांची सगळी लाइन दुसऱ्यांचे प्रश्न पुढे ढकलण्यातच खर्ची पडायची. स्वतःसाठी काही मागायला जागाच उरायची नाही. समाजसेवेत आयुष्य घालवलेल्या आमच्या एका काकांची आठवण यायची.

त्यानंतर, २००१च्या सुमाराला, कझा आलं. ते काढणारे झेनस्ट्रॉम आणि फ्रीस हे पुढे २००३मध्ये स्काइप काढणारे गृहस्थ. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात एकेक दणकट संगणक जाणता म्हणून नेमला. आजूबाजूच्यांकडे काय काय आहे ते त्याने लक्षात ठेवायचं, प्रश्न फक्त जाणत्यांमध्ये फिरवायचे. वेग वाढला. एक शब्द टाकला की धबधब्यासारखी उत्तरं यायची. आणि मग लक्षात आलं, की नटेलातली अडचण उत्तर न मिळण्याची होती, तर कझातली अडचण उत्तर मिळण्याची आहे.

कारण गाण्याला नाव देणारा कोण, तर ज्याच्या संगणकात ते गाणं पडलं तो. त्या काळी सगळ्या जगातली रेगे गाणी बॉब मार्लीने गायलेली होती. बॉबी मॅकफेरिनचं ‘डोन्ट वरी, बी हॅपी’सुद्धा मार्लीच्याच खात्यावर जमा होतं, आणि ते निघालं १९८८मध्ये, मार्ली वारल्यानंतर सात वर्षांनी. आपल्याकडे गझल म्हटली की जगजीत सिंह. लखनौच्या पसंदबागेत बेगम अख़्तर यांची कबर आहे. तिथून हाकेच्या अंतरावरच्या सायबर कॅफेत त्यांची गझल उतरवून घ्यावी, तर पडद्यावर नाव ‘जगजीत सिंह’. आवाज बाईचा, पेटी जुन्या काळची, खरखर तबकडीची. पण नाव लिहिणाऱ्याने यातलं काही ऐकलं असेल तर ना! मराठीत तो मान भीमसेन जोशींकडे. अभंग असेल तर भीमसेन. गाणारी बाई असेल, तरीही भीमसेन, फार तर ‘भीमसेन जोशी लाइव्ह’.

त्यातून रोमन लिपी. बालगंधर्व शोधायचे, तर ‘बाल’मध्ये ए एक की दोन, ‘गंधर्व’मधला एच डीनंतर की जीनंतर, शेवटी ए आहे की नाही, दोन शब्दांमध्ये जागा आहे की नाही? ‘बाल’ दोन तऱ्हांचा, ‘गंधर्व’ चार तऱ्हांचा, जोडून किंवा तोडून, असे सोळा बालगंधर्व होतात. प्रत्यक्षात एकच होऊन गेले आणि तेवढ्यावर महाराष्ट्र आजतागायत खूश आहे. पण संगणकाला सोळा वेगवेगळे गायक दिसतात, आणि तुम्ही विचारलेला नेमका सतरावा असतो.

मुद्दाम खोटं बोलणारे वेगळेच. कझा फाइलचा ठसा घ्यायचा तो अख्ख्या फाइलचा नाही. सुरुवातीचे ३०० किलोबाइट आणि मग लांब लांब उड्या मारत मधले तुकडे. मधल्या भागात कोणी काहीही कोंबलं, तरी ठसा तोच. रेकॉर्ड कंपन्यांच्या माणसांना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी अशा नकली फायलींचा पूर आणला, की सुरुवातीला गाणं आणि मध्ये किर्रर्र. २००३मध्ये मॅडोनाच्या नव्या गाण्यांच्या नावाने अशाच फायली सोडल्या होत्या. उघडल्या की खुद्द मॅडोना चारचौघांत उच्चारू नये अशा शब्दांत ‘हे काय चालवलंय?’ म्हणून फटकारायची. गाणं फुकट घ्यायला जावं आणि गायिकेने घरी येऊन शिव्या घालाव्यात, इतकी आपुलकीची सेवा पैसे देऊनही मिळत नाही.

शोध लागला तरी घोडं पुढे अडायचंच. सरकारच्या २००४च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड. ‘ब्रॉड’ हा शब्द सरकारने रुंद मनाने वापरला होता. त्या काळच्या काही योजनांमध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत असायचा. पुऱ्या वेगाने, एक क्षणही लाइन न तुटता, या सहा तासांत सुमारे ६७५ एमबी उतरतं. सिनेमा सीडीच्या मापाचा, ७०० एमबीचा. म्हणजे योजना आखणाऱ्याने असा काही मेळ घातला होता, की नायक खलनायकासमोर उभा राहिला की सकाळचे आठ वाजायचे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना कितीतरी सिनेमांचे शेवट आजही ठाऊक नाहीत. त्यातही रात्री दोनला उठून ते लावायचं, पहाटे पुन्हा उठून बघायचं आणि आठला दात घासता घासता बंद करायचं. काकड आरतीला न उठणारी माणसं या व्रताला नेमाने उठत.

वेगाच्या बाबतीत त्या काळातलं खरं तगडं नेटवर्क म्हणजे पुष्पक एक्स्प्रेस. लखनौहून संध्याकाळी निघते, साधारण २४ तासांनी मुंबईला पोचते. मुंबईचा कोणी नातेवाईक ५०० जीबीची हार्ड डिस्क चिवड्याच्या डब्यात घालून घेऊन आला, तर हिशेबाने तो सेकंदाला ४६ मेगाबिटच्या वेगाने माहिती आणत होता. म्हणजे घरच्या ब्रॉडबँडच्या १८० पट. भुसावळला चहा पिऊनसुद्धा. चौकातल्या सराफ्यात सोनं-चांदी गाळणारे विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक आहेत. त्यांचं मराठी गाण्यांचं सगळं भांडार असंच यायचं. यात्रेला गावी गेलेला कोणी तरी पेन ड्राइव्ह भरून आणायचा आणि तो दुकानादुकानातून फिरायचा. “त्ये इंटरनेटवर काय सापडतंय? आमच्या गड्याला विचारा, त्यो आणतोय,” हे त्यांचं सर्च इंजिन. अचूकपणाही शंभर नंबरी, कारण फाइल देणारा समोर बसलेला. भलतं गाणं निघालं, तर त्याला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं असतं. इंटरनेटवर ही सोय नाही.

पुढे याच तत्त्वावर कॉलेजांच्या वसतिगृहांत डीसी प्लस प्लस माजलं. मूळचं डायरेक्ट कनेक्ट १९९९चं, जॉन हेस या अमेरिकन शाळकरी मुलाचं. त्यावरून २००१मध्ये स्वीडनच्या याचेक सीकाने डीसी प्लस प्लस केलं. वसतिगृहाची आपली आतली तार, मध्ये एक हब आणि हबवर शेकडो पोरं. लखनौच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा माझा भाचा सुट्टीत घरी आला, की आमच्या इंटरनेटकडे बघून हळहळायचा.

“मामा, आमच्याकडे सर्च टाकला की सेकंदात रिझल्ट. फाइल दोन मिनिटांत.”

“अरे पण एवढं सगळं बघता कधी?”

“बघायचं कशाला? असलं पाहिजे.”

हे उत्तर मला फार पटलं. आमच्या पिढीने ग्रंथसंग्रह केले ते याच तत्त्वावर.

हबचा नियम असा, की घ्यायचं तर आधी काही गिगाबाइट वाटायला ठेवायचं. नियम आला की पळवाट आलीच. एकच सिनेमा दहा नावांनी ठेवणारे असत, विंडोजचं अख्खं फोल्डर ‘शेअर’ करणारे असत, आणि ‘थर्ड सेम नोट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये नोट्स सोडून सगळं असे. मुंबईच्या आयआयटीत तर मार्च २००७मध्ये रात्री ११ ते दुपारी साडेबारापर्यंत वसतिगृहांचं इंटरनेटच बंद केलं गेलं. पोरं रात्रभर जागतात, सकाळी तासांना येत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. बोलत नाहीत हे खरं; पण एकमेकांच्या कपाटात जेवढा हात त्या पिढीने घातला, तेवढा कोणी घातला नसेल.

आता अचूकपणाचं दुसरं टोक. चौकातला हा गोंधळ विद्वानांना बघवेना. २००१मध्ये त्यांनी ठरवलं, की यादी एका जागीही नको आणि सगळ्या गावाला ओरडून विचारणंही नको. प्रत्येक फाइलचा एक गणिती ठसा काढायचा, आणि कोणत्या ठशाची माहिती कोणत्या संगणकाने सांभाळायची, हे गणितानेच ठरवायचं. या कल्पनेच्या पहिल्या मांडण्यांपैकी दोन त्याच वर्षी एकाच परिषदेत आल्या. एक एमआयटीच्या मंडळींची ‘कॉर्ड’, त्यात आयआयटी मद्रासचे हरी बालकृष्णन. दुसरी बर्कलेची ‘कॅन’, तिच्या मुख्य कर्त्या सिल्व्हिया रत्नसामी, आणि या बाई अभियांत्रिकीच्या पदवीधर पुणे विद्यापीठाच्या! २००२मध्ये मेमुनकोव्ह आणि माझिएर यांचं ‘कॅडेमलिया’ आलं. इम्यूल आणि टोरंट हे फायली वाटायचे प्रोग्रॅम ज्याचा आधार घेतात, ते हेच.

त्याची चलाखी अशी, की प्रत्येक पावलाला उरलेलं अंतर निम्मं होतं. लखनौच्या बड्या इमामबाड्यात, आसफउद्दौलाने १७८४मध्ये दुष्काळाच्या दिवसांत लोकांना काम मिळावं म्हणून बांधायला घेतलेल्या त्या वास्तूत, भूलभुलैया आहे. तिथले गाइड छातीवर हात ठेवून सांगतात, की वर जायला १,०२४ वाटा आहेत आणि खाली यायला दोनच. नवाबाच्या काळी किलोबाइटचा हिशेब कोणी केला कोण जाणे! पण १,०२४ संगणकांत कॅडेमलियाला हवी ती माहिती दहा पावलांत सापडते. दहा लाख संगणक असले तरी वीस पावलं. गाइडला हे सांगितलं, तर तो म्हणेल, “जनाब, बीस क़दम में तो हमारी टिप भी नहीं बनती.”

पण गाइडने घाबरायचं कारण नाही. ही सगळी अचूकता एका अटीवर उभी आहे : तुम्हाला काय हवं ते तुम्ही अक्षरशः बिनचूक सांगितलं पाहिजे. चाळीस अक्षरी ठसा द्या, क्षणात माल दारात. ‘ते एक जुनं गाणं होतं, बहुधा मास्टर दीनानाथांचं’ असं म्हणालात, की खिडकी बंद. अर्धवट नावाला उत्तर नाही. यात पुण्याच्या पाण्याचा काही भाग असेल का, हे विद्वानांनी तपासावं. मी फक्त पूर्ण नाव विचारणाऱ्या त्या सदाशिव पेठेतल्या गृहस्थांना मनोमन नमस्कार केला. ते सतरा पिढ्या हेच करत आले होते. शोधनिबंध तेवढा लिहायचा राहिला.

टोरंटचे जनक ब्रॅम कोहेन यांनी २००१मध्ये शोधण्याचं झंझट मुळातच टाळलं. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये शोध नव्हताच. फाइलचा पत्ता तुम्ही कुठूनही मिळवून आणा, उतरवून घ्यायचं आम्ही बघतो. त्यांनी सोडवलेला प्रश्न निराळा होता, आणि तो खास लखनवी होता. दोन नवाब फलाटावर ‘पहले आप, पहले आप’ करत राहिले आणि गाडी निघून गेली, ही कथा साऱ्या देशाला पाठ आहे. फायली वाटणाऱ्यांचंही तेच, फक्त अदब वजा करून. आधी तुम्ही द्या, मग मी देतो, असं दोघंही म्हणाले की कोणीच देत नाही. कोहेन यांनी नियम केला, की जो देतो त्यालाच द्यायचं. पण नव्याने आलेल्याकडे द्यायला असणार काय? म्हणून दर अर्ध्या मिनिटाला कोणा एका अनोळखी माणसाला, बदल्यात काही न मागता, थोडं देऊन बघायचं. त्याने परत दिलं तर मैत्री, नाही तर रामराम. साऱ्या लखनौला दोनशे वर्षांत न सुटलेला पेच एका माणसाने दर तीस सेकंदांच्या औदार्यावर सोडवला.

एवढं सगळं झाल्यावर सांगायला हरकत नाही, की हा खेळ लखनौत एका मराठी माणसाने नॅप्स्टरच्या पाऊणशे वर्षं आधीच पुरा केला होता. कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्यात, त्याचा पुरावा उभा आहे. त्या माणसाचं नाव विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६०चा, वाळकेश्वरचा, शिक्षण वकिलीचं. वकील शोधात तरबेज असतात, हे वर आलंच आहे.

भातखंड्यांच्या काळातलं संगीत म्हणजे शुद्ध पीअर-टू-पीअर, थेट माणसाकडून माणसाकडे. मध्यवर्ती यादी नाही, छापील प्रत नाही. प्रत्येक घराणं म्हणजे एक संगणक, आणि त्यातली प्रत्येक बंदिश कुलूपबंद. वाटायला कोणी तयार नाही. द्यायचं तर मुलाला, नाही तर जावयाला. बंदिशी हुंड्यात दिल्याच्या कथा आजही सांगतात. शिवाय नावांचा घोळ कझाला लाजवेल असा. या घराण्यात जी चीज एका रागाची म्हणून गायली जाते, ती त्या घराण्यात दुसऱ्याच रागाची. एकाच रागाला दोघांचे दोन वेगळे स्वर. आणि ‘आमचंच खरं’ ही घोषणा प्रत्येक फायलीवर.

या गृहस्थांनी काय केलं, तर १९०४मध्ये दक्षिणेपासून सुरुवात करून देशभर हिंडून, एकेका घराशी जाऊन विचारलं. वह्या घेऊन, रेल्वेने. जयपूरच्या मोहम्मद अली ख़ाँकडून चिजा मिळवल्या. रामपूरचे वज़ीर ख़ाँ सहजासहजी देणारे नव्हते, तर नवाबांच्या मध्यस्थीने त्यांच्याकडे शिकायला बसले. नवाबाची शिफारस हा त्या काळचा पासवर्ड. मग आलेली प्रत्येक चीज दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या चिजेशी ताडून पाहिली. त्यांच्या पुढाकाराने बडोदा १९१६, दिल्ली १९१८, बनारस १९१९, लखनौ १९२४ आणि १९२५ अशा परिषदा भरल्या. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या उस्तादांना एका मांडवात बसवून, कोणत्या रागाला कोणता स्वर यावर चर्चा घडवल्या. आज व्हॉट्सअॅपच्या गटावर सहलीची तारीख ठरत नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे या पराक्रमाचा अंदाज येईल.

गोळा केलेलं सगळं त्यांनी दहा थाटांत लावलं, स्वरलिपीत बसवलं आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांतून हजारावर बंदिशी कोणालाही, विनाअट, उतरवून घ्यायला मोकळ्या केल्या. फाइल फॉरमॅटचं भांडणही यथासांग झालं : लाहोरला १९०१मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांची स्वरलिपी वेगळी, यांची वेगळी. दोघंही विष्णु, दोघंही मराठी. त्यामुळे एकच लिपी असण्याची शक्यता मुळातच नव्हती. ‘कागदावर मींड उतरत नाही, गाण्याचा जीव जातो’ अशी टीका उस्ताद मंडळींनी केली. एमपीथ्रीवर पुढे तबकडीवाल्यांनी केली ती हीच टीका. दोन्ही टीका खऱ्या होत्या, आणि दोन्ही वेळा लोकांनी ऐकल्या नाहीत, कारण जीव थोडा गेला तरी चालेल, पण गाणं हाती लागायला हवं होतं.

१९२६मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. दोनच वर्षांनी भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे प्राचार्य म्हणून आले. १९६६मध्ये कॉलेजला भातखंड्यांचं नाव दिलं गेलं, आज ते राज्य विद्यापीठ आहे. शोधाचा वेग विचाराल, तर सुमारे तीस वर्षं. अचूकपणा विचाराल, तर शंभर वर्षांनंतरही विद्यार्थी तीच पुस्तकं उघडतात, आणि भांडायचं असलं तरी आधी ती उघडूनच भांडतात.

याउलट परवाच लखनौच्या एका मराठी गटावर एक ध्वनिफीत आली. ‘अत्यंत दुर्मीळ!! जरूर ऐका!!’ एवढंच वर लिहिलेलं. फाइलचं नाव ‘एयूडी’, पुढे तारीख, पुढे आकडे. कोणी म्हणालं हिराबाई, कोणी म्हणालं सरस्वतीबाई, एका जाणकाराने छातीठोकपणे भीमसेन जोशी असं लिहिलं. अर्ध्या मिनिटात एकवीस लोकांनी हात जोडले. फाइल मूळ कोणी पाठवली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. गाणारी बाई कोण, हेही नाही. पोचायला लागलेला वेळ : एक सेकंद.

वेग आता कोणाच्याही खिशात आहे. त्याचं कौतुक पुरे. सापडणं न सापडणं मात्र नेहमीच अवलंबून होतं ते नाव लिहिणाऱ्यावर आणि न मागता देणाऱ्यावर, आणि ते काम अजून तरी कोणतंही यंत्र तुमच्या घरी येऊन करणार नाही. तेव्हा कपाटात आजोबांच्या कॅसेटी असतील, फोनमध्ये मावशीच्या ओव्या असतील, तर आज संध्याकाळी बसा आणि प्रत्येकीवर लिहा : कोण गातंय, काय गातंय, कुठे, कोणत्या साली. आठवत नसेल तर ज्यांना आठवतं त्यांना विचारा, ते आहेत तोवर. आणि मग वाटा. ‘पहले आप’ म्हणत थांबू नका. गाडी निघून जाते.